बाईजाची मुंबई

रविवार, १ मे १९३८
शाळेला सुट्टी लागली. या सुट्टीत पहाटे उठणार, इंग्रजी तिसरं पुस्तक संपवणार, आणि भुताखेतांवर बोलणाऱ्या माणसांशी वाद घालणार नाही. आज उठायला जरा उशीर झाला. उद्यापासून.

मंगळवार, ३ मे
धोंडीबाई वहिनीनं माझा कोट उन्हात झटकला आणि खिशातून खडा पडला. गोल, काळा, नदीतला. वहिनी नुसती मागं सरली. मग धर्मादादा आला. खडा हातात न घेताच म्हणाला, ह्यो बाईजाचा जीवखडा ना रे? मग दहाव्याला तू पान्यात काय सोडलंस?

थाप मारता आली असती. पण शिक्षकानं खोटं बोलू नये. शिवाय वेळेवर सुचली नाही.

खुलासा, पुढेमागे मीच विसरलो तर: बाईजा माझी बायको. गेल्या वर्षी चैत्रात तापानं गेली. चितेभोवती फिरताना ज्या खड्यानं मडकं फोडतात तो दहा दिवस जपायचा, गेलेलं माणूस तोवर त्यात असतं म्हणतात, आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे. मी हे मानत नाही. म्हणूनच कोणता खडा सोडला आणि कोणता खिशात राहिला याला मी महत्त्व दिलं नाही. काठावर खडे पुष्कळ होते. एक उचलला, सोडला.

बुधवार, ४ मे
दादानं जैतू भगताला बोलावलं. भगत म्हणाला, जीव घरातच फिरतोय, तो पान्याला लागल्याबिगर पोरीला हळद लावायची नाय. पोरगी म्हणजे दादाची रंगू. किन्हवलीच्या मुलाशी ठरलंय, बावीस तारखेचं लग्न. रंगू दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिची एकटीचीच बोलायची हिंमत झाली नाही, बाकी सगळं घर बोललं.

नदीत वैशाखात पाणी नाही. डबकी आहेत, त्यांत म्हशी आहेत. दादा म्हणाला, मुंबईला जा, दर्यात सोड, नामा बरोबर राहील, तो मला येऊन सांगल. नामा माझा मामेभाऊ, लालबागला गिरणीत असतो. म्हणजे माझ्यावर साक्षीदार नेमला.

मी तात्काळ हो म्हणालो. भगतासाठी नव्हे. मुरबाडच्या वाचनालयात ‘मुंबईचे दैनंदिन जीवन’ या विषयावर व्याख्यान द्यायचं माझ्या मनात बरेच दिवस आहे. त्यासाठी निरीक्षण हवं. खड्याचं काम वाटेत होऊन जाईल.

सोमवार, ९ मे, लालबाग
मुरबाडहून कल्याणपर्यंत सर्व्हिस मोटर. बाईजाला खिडकी हवी होती. मी कोटाची ती बाजू खिडकीकडे केली. उकडत होतं म्हणून.

बाईजा बोलते हे इथे नमूद करून ठेवतो. हे भूत नव्हे. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर दुसरं माणूस काय म्हणेल ते आपोआप ऐकू येतं. याला मानसशास्त्र म्हणतात. त्यावरचं पुस्तक मी अजून वाचलेलं नाही.

नामाची खोली लहान, पण त्याची बायको ताराबाई हसतमुख. उद्याच समुद्रावर जाऊन काम उरकणार.

मंगळवार, १० मे
निरीक्षण: मुंबईत सकाळ सूर्यानं होत नाही, गिरणीच्या भोंग्यानं होते. भोंगा झाला की अख्खी चाळ एकदम खोकते. बाईजा म्हणाली, कोंबडा पाळला नाय कुनी, म्हणून यंत्राला बांग द्यायला लावलंय. निरीक्षण दुसरं: नळ. पाणी आपण होऊन माणसापर्यंत येतं, तरी बाया भांडतात. बाईजाचं म्हणणं, विहिरीवर पान्यासाठी भांडतात, इथं पान्याच्या निमित्तानं भांडतात, नायतर एकमेकींशी बोलतील कवा. हे मुद्दे व्याख्यानात घेण्यासारखे आहेत.

समुद्रावर जाणं झालं नाही. नामाची गिरणीत दिवसपाळी होती आणि मी वाटेला नवखा. समुद्र कुठे पळून जात नाही.

बुधवार, ११ मे
राणीचा बाग पाहिला. केवळ अभ्यास म्हणून. पिंजऱ्यात वाघ झोपला होता. सिद्धगडाच्या रानातल्या वाघानं आमची शेळी नेली तेव्हा बाईजा कोयता घेऊन उंबऱ्यात उभी राहिली होती आणि मी आतून कडी लावली होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी. मुलं आम्हाला नाहीत, पण शेजारची होती. बाईजा वाघाला म्हणाली, तुला बरं रे, आयतं मिळतंय. मी काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण एका पारशी कुटुंबानं वळून पाहिलं आणि आपली पोरं जवळ ओढून घेतली. वाघापासून नव्हे, माझ्यापासून.

उद्या नक्की.

गुरुवार, १२ मे
संध्याकाळी ट्रामनं गिरगावात उतरून चौपाटी गाठली. ओहोटी होती. समुद्र बराच आत गेलेला, अलीकडे नुसता चिखल. यात माझा दोष नाही. चिखलात माणूस सोडता येत नाही. खडा, असं म्हणायचं होतं.

वाळूत बसून भेळ खाल्ली. तिखट होती, बाईजाला चाललं असतं. मग पुढून एक बाई गेली. हिरवं लुगडं, चालताना डावा खांदा जरा खाली. नदीवरून हंडा आणून आणून बाईजाचा तसाच झाला होता. मी उठलो. गर्दीतून ट्रामच्या थांब्यापर्यंत मागे गेलो. हाक मारली नाही, पण तोंड उघडलं होतं. ती वळली. नाकीडोळी नीटस होती बिचारी. पण दुसरीच कुणी.

निरीक्षण: मुंबईत पाठमोऱ्या बायका फार.

शुक्रवार, १३ मे
ताराबाईनं विचारलं, भावजी, जिन्याखाली उभं राहून कुनाशी बोलत होता? व्याख्यानाची तालीम, म्हणालो. जेवायला वाढताना तिनं चतकोर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वेगळी काढली आणि माझ्या कोटाशेजारी ठेवली. बाईजावैनीला आवडायचा, एवढंच म्हणाली. मग हळूच म्हणाली, लई मनात होतं तिच्या मुंबईला यायचं, आमच्या लग्नात सांगत होती, पुढल्या सुट्टीत आनणार हायत मला.

हा आरोप एकांगी आहे. एका सुट्टीत मला मलेरिया होता. एकदा घर शाकारायचं निघालं. एकदा इन्स्पेक्टर येणार अशी वदंता होती. मधल्या सुट्ट्यांचं आता आठवत नाही, पण कारणं होती आणि सबळ होती.

चटणी मीच खाल्ली. वाया जाऊ नये म्हणून.

शनिवार, १४ मे
बाईजाला आज दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसवलं. म्हणजे मी बसलो. सगळ्यात पुढे, काचेजवळ. झाडांचे शेंडे समोरून येत होते. बाईजा म्हणाली, घराच्या कौलावर बसून चाललोय जसं काय. म्हणाली, इथं कुनी कुनाला वळखत नाय, पोर का होत नाय इचारीत नाय, लई बरं गाव हाय. म्हणाली, आता मला खाली उतरवू नका. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उतरवलं. मी पुन्हा चढलो. अभ्यासासाठी.

असा आनंदी चेहरा मी तिचा बरेच दिवसांत पाहिला नव्हता. चेहरा दिसत नाही हे मला माहीत आहे.

आणि वरच बसून योजना सुचली. इतकी सोपी की हसू आलं. रस्तादुरुस्तीसाठी डांबराच्या पिंपांशेजारी खडीचा ढीग पडला होता. त्यातून तसाच गोल, काळा दगड शोधून काढला. उद्या रविवार, नामाला सुट्टी. नामाच्या डोळ्यांदेखत हा दुसरा दगड पाण्यात जाईल. दादाचं समाधान, भगताचं समाधान, रंगूचं लग्न पार, आणि बाईजा आहे तिथे. डाव्या खिशात बाईजा. उजव्या खिशात मुंबई म्युनिसिपालिटी. खरा खडा मी डोळे झाकून ओळखीन, पण व्यवस्था असलेली बरी.

रविवार, १५ मे
फत्ते.

दुपारी भरती होती. नामा म्हणाला, काठावरून फेकायचं नाय, गुडघाभर पान्यात जाऊन सोडायचं. कोट भिजेल म्हणून त्यानं तो काढून घेतला आणि माझ्यासमोर धरून उभा राहिला. मी उजव्या खिशात हात घातला, दगड काढला, डोळे मिटून पाण्यात गेलो. अभिनय उत्तम वठला. ओठ थरथरवले. लाट आली तेव्हा हात उघडला. नामाचे डोळे खरोखर भरून आले होते. हात जोडून म्हणाला, वैनी, नीट जा गो. मला एकदा वाटलं याला खरं सांगून टाकावं. निदान म्युनिसिपालिटीच्या खडीसाठी रडू नको म्हणावं. पण मोह आवरला.

नामानं घडी करून दिलेल्या कोटातला उरलेला खडा चाचपून डाव्या खिशात नीट ठेवला आणि परतताना बाईजाला सगळं सांगितलं. हसली नाही. उद्या मुंबई सोडायची म्हणून रुसली असावी.

मंगळवार, १७ मे, घरी
मोटारीत तिची बाजू मुद्दाम खिडकीकडे केली. उन्हाची तिरीप तोंडावर येत होती तरी सरकलो नाही. एक शब्द बोलली नाही. रुसवा लांबला.

गुरुवार, १९ मे
हळद. नामानं येऊन दादाला सांगितलं, माझ्या डोळ्यांनी पायलं. दादानं पाठीवर हात ठेवला. जैतू भगत म्हणाला, घर हलकं लागतंय आता. मी मनात हसलो. अडाणी माणसाला काहीही लागतं.

रविवार, २२ मे
लग्न पार पडलं. रंगू जाताना माझ्या पाया पडली आणि हुंदका आवरून म्हणाली, काका, काकीला सोडलंत माझ्यासाठी. मी खोकलो.

वरातीत मुलाचे मामा फेटा सांभाळता सांभाळता खड्ड्यात बसले. मी लगेच खिशावर हात ठेवून वाट पाहिली. यावर ती बोलणार नाही असं होणं शक्यच नव्हतं. मांडव उतरेपर्यंत वाट पाहिली.

गुरुवार, २६ मे
व्याख्यान लिहायला बसलो. भोंगा आणि कोंबडा. नळ आणि भांडण. वाघ. बसचा वरचा मजला. वाचून पाहिलं तर सगळी वाक्यं बाईजाची. माझं स्वतःचं निरीक्षण एकच सापडलं: मुंबईत गर्दी आहे. व्याख्यान पावसाळ्यानंतर देईन.

शहरातून परतलेल्या माणसाला गाव सुनं वाटतं. हे स्वाभाविक आहे. विहिरीवर बाया भांडत होत्या तरी सुनंच वाटलं.

रविवार, २९ मे
आज अंगणात खडा धुतला. धूळ बसली म्हणून बोलत नसेल असं काही मी समजत नव्हतो. सहज धुतला. खालच्या अंगाला काळं काही चिकटलेलं होतं, निघेना. नखानं खरवडून नाकाशी धरलं. डांबर.

ओट्यावर बसून चौपाटीवरचा तो रविवार पुन्हा आठवला. नामा कोट धरून माझ्यासमोर उभा होता. कोटाचं तोंड माझ्याकडे होतं. माझ्या उजव्या हाताशी आलेला खिसा कोटाचा डावा. बालवर्गाच्या पोरांना डावा-उजवा मीच शिकवतो, त्यांच्यासमोर उभा राहून, आणि दरवर्षी सांगतो की समोरच्याचा उलटा असतो.

नीट जा गो, तेवढंही मी म्हटलं नाही. ओठ थरथरवत होतो.

वहिनी बाहेर आली. दगड पाहून दचकली नाही. नामानं सांगितलंय, तिच्या लेखी बाईजा दर्यात आहे. म्हणाली, भावजी, कामाचा नसला तर द्या, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लागून राहत नाय. घ्या म्हणालो.

शाळा लवकरच उघडेल. दादा म्हणाला, आता तूही दुसरं बघ. बघू म्हणालो. पहाटे उठण्याचा संकल्प आता सोडून दिला आहे. पहाटे घर फार शांत असतं.

मुंबई तिला आवडली होती, हे मात्र खरं. मी राहते इथं, एवढं जरी म्हणाली असती तरी मीही राहिलो असतो.