सरदारकाकांच्या मुलासाठी

आई, सरदारकाकांच्या मुलाला परदेशात पकडल्याचं कळलं, त्या दिवशी तू साताऱ्यात, जिथं स्वयंपाकाला होतीस त्या वसतिगृहात, भाकरी थापत होतीस. काका सांगलीहून एसटीनं थेट तिथंच आले होते. एवढा धिप्पाड माणूस, पण उंबऱ्यावरच बसला. तू तवा उतरवलास, हात धुतलेस आणि त्यांच्यासमोर खाली बसलीस. बाबा सैन्यात असताना वारले तेव्हा त्यांची लोखंडी पेटी घेऊन आपल्या दारात त्यांच्या पलटणीतले हेच काका आले होते, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस. मी तेव्हा रांगत होते. पुढे काका निवृत्त झाले आणि सांगलीत मेव्हण्याच्या ट्रकदुरुस्तीच्या गॅरेजात येऊन तिथलेच झाले. त्यांचा मुलगा सांगलीतच जन्मला, मराठी शाळेत शिकला, आणि दर राखीपौर्णिमेला साताऱ्याला येऊन माझ्यापुढे हात धरून म्हणायचा, "बांध लवकर, भूक लागलीय लय." तो आखातात मेकॅनिक म्हणून गेला होता. तिथं कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि ती यानंच लावली म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. कित्येक महिने त्याचं पत्र नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "वहिनी, दिल्लीला विचारलं. चौकशी चालू आहे म्हणतात." तू म्हणालीस, "त्यांची चौकशी त्यांना करू द्या. आपन आपली करू."

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. सरदार म्हटलं की लोक आवाज खाली करायचे. मी तेव्हा साताऱ्यात एका वकिलांकडे टायपिस्ट होते, त्यामुळे अर्ज लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तू माजी सैनिकांच्या बैठकीत गेलीस, मी तुझ्यामागे. सगळे बाबांना ओळखणारे, तुला बसायला खुर्ची देणारे. पण एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "वहिनी, पंजाबात काय चाललंय बघताय न्हवं? उगाच आपलं नाव कशाला त्यात?" तू खुर्चीवरून उठलीस. "आवं, ते पोरगं सांगलीत वाढलंय. पन पंजाबात वाढलं असतं तरी काय? आग लावली आसंल तर कोर्टात उभं करा म्हनावं. अंधारात कोंडून मारायचं, ह्यो कुठला न्याव?" तू हे भांडल्यासारखं म्हणाली नाहीस. भाजीवाल्याला भाव विचारावा तशा आवाजात म्हणालीस. बैठक संपल्यावर अर्जावर पहिली सही त्या सुभेदारांनीच केली.

कोठडीत काकांच्या मुलाला मारतात हे तोवर नुसतं ऐकीव होतं. त्याच्याच कोठडीत काही दिवस काढलेला रहिमतपूरचा एक ड्रायव्हर सुट्टीवर घरी आलाय, असं कळलं तेव्हा आपण दोघी गेलो. तो तरुण घराच्या मागच्या अंगाला गोठ्यात उभा राहून बोलला, पुढच्या खोलीत यायला तयार नव्हता. "मावशी, मला परत जायाचं हाय कामावर. माझं नाव कुटं घिऊ नका. घरात दोन बहिनी लग्नाच्या हायत." तू म्हणालीस, "न्हाई घेनार. तू बघितलंस तेवडं मला सांग, बाळा." मग तो सांगू लागला. तळपायांवर मारलेलं. उलटं टांगलेलं. केस कापलेले. कबुलीवर सही कर म्हणत होते आणि हा करत नव्हता. "रातचं कन्हायचा, पन सही केली न्हाई त्यानं," असं म्हणून तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. परतीच्या एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. तुझा पदर तोंडावर होता.

त्या संध्याकाळी मी नवा अर्ज लिहिला. राग मावत नव्हता, म्हणून 'मरणाच्या दारात', 'नरकयातना' असलं बरंच काही घातलं. तुला वाचून दाखवलं आणि तू संतापलीस. "ह्ये कुनी बघितलं? तू बघितलंस? त्या पोरानं सांगितलं तेवडंच लिव. एक शब्द वाढवलास की त्यांना आपलं सगळंच खोटं म्हनायला मोकळीक." मी रडकुंडीला आले, तरी पुन्हा लिहिलं. तळपाय. केस. सही. पान अर्ध्यावर संपलं. आजही कुठला अर्ज लिहिताना माझा हात विशेषणापाशी अडतो तो तुझ्या त्या रागानं.

मग कलेक्टर कचेरीच्या फाटकाबाहेर आपण बसलो. तू, सांगलीहून येणारी काकी, वकिलांकडून सुटल्यावर मी, आणि पेन्शनीत निघालेले सैनिक छातीवर पदकं लावून. काकांना तोवर अर्धांगाचा झटका आला होता. काकी पंजाबी वळणाच्या मराठीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझा बेटा हाय. फक्त जिता हाय का तेवढं सांगा." काही जण थांबत, काही जण हसत. एक साहेब गाडीतून उतरून म्हणाले, "बाई, तुमचा काय संबंध ह्यात?" तू म्हणालीस, "संबंध असायला काय रक्तच लागतं व्हय?" वर्तमानपत्रवाले आले, पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हवा होता. तू रहिमतपूरचं नाव घेतलं नाहीस. काकीनं हात जोडले तरी नाही. "मी शब्द दिलाय त्याला," एवढंच. मलाही तुझा राग आला होता, खरं तर.

आणि एका दुपारी तो रहिमतपूरचा ड्रायव्हरच फाटकाशी आला. सोबत त्याची आई. तो तुझ्या शेजारी सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, त्यांना सांगा मी बोलतो. तिकडं जाऊन ट्रक चालवीन, पन झोप कशी लागायची?" त्यानं नावगावासकट सगळं सांगितलं. त्याची परतीची नोकरी त्या दिवशीच गेली, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं. बातमी मुंबईच्या पेपरांत गेली, संसदेत प्रश्न आला, आणि आपल्या वकिलातीचा माणूस पहिल्यांदा तुरुंगात जाऊन काकांच्या मुलाला भेटला. तो जिवंत होता. काकी ते ऐकून सतरंजीवर आडवी झाली होती आणि तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस.

सुटायला त्याला पुढे वर्षाहून जास्त लागलं. खटला उभाच राहिला नाही, आणि मारणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. काका तोवर गेले होते. मिरज स्टेशनवर तो उतरला तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चालताना पाय जपून टाकत होता. "असा नाही येत मी गावात," तो म्हणाला. काकीनं पिशवीतून पगडीचं कापड काढलं. ते बांधण्याआधी दोघांनी दोन टोकं धरून ताणून घडी घालावी लागते. ते दुसरं टोक नेहमी काका धरायचे. काकी ते हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. तू पुढे झालीस, टोक धरलंस आणि म्हणालीस, "कसं वडायचं ते सांग मला." वेटिंग रूममधली माणसं बघत होती. तू पाय रोवून ओढलंस, काकी म्हणाली, "और जोर से, ताई," आणि तिघंही हसलात. मी तुला रडताना त्या दिवशीच पाहिलं, हसता हसता.

आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले, कारण सकाळी कराडकडची एक तरुण बाई अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली होती. तिचा नवरा जहाजावर होता आणि आता परक्या देशात अटकेत आहे. "मारत्यात म्हनं त्यांना," ती म्हणाली. पाहिलेलं कुणी नाही. तिच्याशेजारी उभं राहायला तिचा दीरसुद्धा तयार नाही. मी तिला उद्या कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी भेटायला सांगितलंय. तू आता नाहीस, हे तुला पोचणार नाही, म्हणून खरं सांगते, आई. यातून काही निघेल असं मला आतून वाटत नाही. तिला मी ते बोलले नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं साताऱ्याला निघतेय.