नाकातली शीळ

३ जून
बायकोने आज उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "घोरणारे पुष्कळ पाहिले. झोपेत नाकाने शीळ घालणारा नवरा माझ्याच नशिबी!"

तिला काय कळणार? क्रोमच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभं राहून नळांना मुलामा चढवावा, तेव्हा कुठे त्या वाफेने नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडतं. आमच्या कारखान्यात ज्याचं नाक वाजतं तोच पक्का कारागीर. बाकीचे नुसते उमेदवार! मेहुण्याला यंदा मीच तिथे चिकटवला. दोन पोरांचा बाप, पण रोज आरशासमोर नाक फुगवून बसतो. "भावोजी, माझं कधी वाजणार?" म्हटलं, धीर धर. मास्क लावून फिरलास तर जन्मात वाजायचं नाही.

माझा मास्क खुंटीला असतो. त्यात स्क्रू ठेवतो.

७ जून
बायको हट्टाला पेटली. गेलो नाकाच्या डॉक्टरकडे. त्याने आत बॅटरी मारली नि दोनदा वाकून पाहिलं. मी कौतुकाने शीळ घालून दाखवली. हसलाही नाही—मेला अरसिक! "काम काय करता?" सांगितलं. "छातीचा फोटो काढा."

दुखणं वर, फोटो खाली! आणि बायको मान डोलावतेय. तिला काय, डॉक्टरने सांगितलं तर माझ्या गुडघ्याचाही काढेल.

८ जून
फोटो काढला. श्वास रोखा म्हणाले. रोखला. शीळ बंद! बायको म्हणाली, "असेच राहा."

१५ जून
उजव्या फुप्फुसात डाग आहे म्हणे. सुई घालून तुकडा काढला. मोठ्या डॉक्टरला मी सुनावलं—उभ्या जन्मात विडीला शिवलो नाही! तो म्हणाला, "विडी नाही, पण वाफ ओढलीत ना? नाकाला भोक पाडणारी वाफ नाकातच थोडी थांबते?"

घरी येईपर्यंत बायकोने माझा हात सोडला नाही, म्हणजे बघा.

२४ जून
कर्करोगच. क्रोमनेच झाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण त्या टाकीवर काम करणाऱ्यांना धोका जास्त, असं डॉक्टर म्हणाला. लवकर सापडलाय, ऑपरेशन करू म्हणाला. भीती वाटते. खूप वाटते.

एवढ्यात कुणाला सांगू नका, असं बायकोने बजावलंय. स्वतः मात्र दर अर्ध्या तासाने मलाच सांगते—"मी हट्ट केला म्हणून सापडला!" बोलू दे. खरंच आहे ते.

२५ जून
मेहुणा नाचतच घरात शिरला. हातात रुमाल, रुमालावर रक्त. "भावोजी, नाक फुटलं! आता भोक पडणार!"

थोबाडीत ठेवून दिली. गाल धरून म्हणाला, "जळता होय माझ्यावर?"

त्याला जवळ ओढलं आणि मला रडूच फुटलं.