परत आलेली टोपली

उज्जैन, ११ फेब्रुवारी

परागदादा, नमस्कार.

"आई थकली की सुलूताईचं काय?" असं तू फोनवर विचारलंस. दादा, याचं उत्तर मला अजून येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट असूनही!

आई बरी आहे. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

तू चिडशील म्हणून सांगितलं नव्हतं. महिनाभर मी ताईला माझ्या नर्सरीत नेते आहे. कुणी शेजारी उभं राहिल्याशिवाय ज्यांना काम जमत नाही, अशांना आम्ही तिथे बागकाम शिकवतो.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. मी तिला गुलाब खुडायला बसवलं. फूल दिसलं की ती नाकाला लावणार. म्हणूनच तर आई तिला देवाच्या फुलांना हात लावू देत नाही. तिनं एकूण एक गुलाब हुंगून टोपलीत टाकला. रामघाटावर फुलं विकणाऱ्या रजनीभाभी समोरच उभ्या. "दीदी, ये तो सब जूठे हो गए!" म्हणाल्या आणि उष्टी फुलं देवाला चालत नाहीत म्हणून टोपली परत केली. ताई दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली.

त्या दिवशी वाटलं, दादाचंच बरोबर. खरं सांगू? दिवाळीत ताईला तू सुचवलेल्या पुण्याच्या संस्थेत कायमचं ठेवायला मी हो म्हटलं, ते तिच्या भल्यासाठी नव्हतं. मला सुटायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बागकाम शिकवणाऱ्या दुर्गादीदींनी तिला कुंड्यांकडे नेलं. ताईनं एका कुंडीतली माती हुंगून तोंड वाकडं केलं. "आंबलंय."

"इडली का घोल है क्या?" दीदी हसल्या. पण कुंडी उपडी केली तर मुळं काळी, सडलेली. पाणी निचरतच नव्हतं. तिनं अशा सतरा कुंड्या शोधल्या. आम्हाला वरून एकही कळली नव्हती.

आता रोज सकाळी कुंड्या तपासायचं काम तिचं. तिला विचारल्याशिवाय कुणी झारी उचलत नाही. काल आईला म्हणते, "लवकर डबा दे, उशीर होतोय." आई म्हणाली, "अगंबाई, साहेबीणच झाली!"

ती अजून एकटी रस्ता ओलांडत नाही. देवास गेटच्या गर्दीत माझा हात दुखेपर्यंत धरते. हे बदलेल असं वचन मी देत नाही.

एक मार्चला तिला संस्थेत पोचवायचं होतं. परवा मी तिलाच विचारलं. म्हणाली, "मग कुंड्या कोण बघणार?"

रागाव, पण माझ्यावर. तुला न विचारता काल मी संस्थेत फोन केला आणि ताईची जागा सोडली.

तुझीच,
अपूर्वा