कालच्या रानात परतलेला ड्रोन

मुक्काम सास्तूर शिवार,
सोमवार

तीर्थरूप महांतप्पामामांच्या पायांवर कुमारचं डोकं. मामींचा दमा, तुमची पाठ आणि नवी विहीर, तिन्हींची खुशाली कळवा. आमी इकडं बरे आहोत (मेंढरं आमच्यापेक्षा बरी आहेत). फोन सोडून पत्र का, तर फोनवर बोलताना आई शेजारी येऊन बसते.

विषय गंभीर आहे. आईचे गुडघे गेलेत. तरी ती रोज दिवसभर कळपामागं चालते, आणि दवाखान्याचं नाव काढलं की अबोला धरते. म्हणून म्या ठरवलं, कळपावर आपोआप फिरणारा ड्रोन घरीच बनवायचा, म्हणजे तिला पालाजवळ बसून मोबाइलात मेंढरं दिसतील. तयार ड्रोन आपल्या ऐपतीबाहेरचा. लोहाऱ्यात मोबाइल दुरुस्त करणारा कलीम सुटे भाग निवडून द्यायला तयार झाला. त्याचं म्हणणं, वजन हाच खरा वैरी. म्या आणलेली बॅटरी उचलून त्यानं शांतपणे विचारलं, ही उडवायची का औताला जुंपायची? (ती मोटारसायकलची होती, पण लई चांगली होती.) हलकी घेतली तर ती आठ मिनिटांत दम टाकी. सांगाड्याला प्लास्टिकचा पाइप वाकला, लोखंडी पट्टी जड झाली, शेवटी बांबूच्या कामट्या बसल्या. मोटारी बाबांनी मेंढा पारखतात तशा पारखल्या. उलट्या केल्या, पाठ दाबली आणि चारातली एक नापास केली. नेमकी तीच जळाली, त्यामुळं आता बाबा कलीमला सल्ले देतात. कॅमेऱ्याच्या जागी तुमचा जुना मोबाइल बांधला (एसटीत हरवला म्हणून म्या कळवलं होतं तोच, माफी असावी).

परवा उडाला, मामा. खरंच उडाला. कळपावर दोन फेऱ्या मारल्या, आई डोळ्यांवर हात आडवा धरून बघत राहिली आणि मला रडू आलं. बॅटरी उतरत आली की आपोआप घरी परतायचं, असं त्याला शिकवलं होतं. शिकवताना यंत्रानं विचारलं, घर कुठं? मी बसलो होतो तीच जागा म्या भरली. पण ते आदल्या दिवशी, इंद्रजित पाटलांच्या रानात. आपली मेंढरं आज या रानात बसतात, उद्या त्या; पाल उठलं की घर उठलं. हे त्या यंत्राला कुणी सांगितलंच न्हाय. ते आमच्या डोक्यावरून शिस्तीत निघून गेलं. मी आणि कलीम अंधार पडेपर्यंत तुरीत हुडकत होतो. परत आलो तर ड्रोन पालात.

"कालच्या जागेला गेलं व्हतं बिचारं," आई म्हणाली. "नवं कोकरूबी असंच करतंय."

आणायला जाताना काही त्रास झाला न्हाय, असंही म्हणाली.

मामींना नमस्कार सांगा.
तुमचा भाचा,
कुमार

ता. क. ड्रोनासाठी काही पाठवू नका. त्याचा नाद सोडला.

ता. क. आणखी एक. ड्रोन उतरल्यावरही मोबाइलात शूटिंग चालूच होतं. त्यात आई बांधावरनं येताना दिसते. पाच वेळा बसली. एकदा उठताच येईना, तर रांगत बाभळीपर्यंत गेली आणि खोडाला धरून उठली. बाबांना दाखवलं, ते बाहेर जाऊन बसले. आमचं ती ऐकत न्हाय. तुम्ही तिला माहेरला बोलवा. मामींना बरं न्हाय म्हणा, काहीही म्हणा, पण दवाखान्याचं नाव काढू नका. भावाचं बोलावणं आलं की ती त्याच पावली निघेल. तुमच्या मुरूमच्या स्टँडवर उतरली की तिथनं सरळ डॉक्टरकडं न्या. मेंढरांमागं मी चालतो.