जास्तीचा फोन

२ मार्च

पोचले एकदाची! खोली लहान असली तरी उजेडाची आहे. खिडकीखाली टेबल, टेबलाच्या खणाला चावी, आणि भिंतींना नुकताच दिलेला रंग. त्या वासानं मी थेट शाळेच्या पहिल्या दिवसात जाऊन पडले. नवे बाक, पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर, आणि नवी वही उघडताना येणारी ती करकर.

या वयात वृद्धनिवासावर देखरेखीचं काम मिळेल असं वाटलं नव्हतं. लेक म्हणाली, आई, तू स्वतःच आता तिथे राहायला जायच्या वयाची झालीस. मी म्हटलं, म्हणूनच तर, आधी जागा बघून ठेवते. हसली खूप. ह्यांच्या मागे मी पहिल्यांदाच तिला हसवलं असेन.

मी शाळेत शिकवायचे हे कळल्यापासून सगळे मला मिस म्हणतात, आणि त्यांतले निम्मे माझ्यापेक्षा थोरले! निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, मिस, अंगठे धरायला लावू नका, वाकलो तर उठणार नाही. शिवणाच्या आजी जन्मभर शिवणाच्या मशीनवर बसल्या, अजूनही बोटं सुईदोरा धरल्यासारखी हलतात. त्या जिला तिला चिमणे म्हणतात. मलाही! किती वर्षांनी कुणाची तरी चिमणी झाले.

५ मार्च

इथलं माझं सगळ्यात मोठं काम औषधं देणं नाही. फोन चार्ज करणं!

ही मंडळी फोन चार्ज करायला विसरतात. फोन बंद पडला की परगावची मुलं घाबरतात आणि कचेरीत फोनावर फोन येतात. म्हणून जिन्याजवळच्या खोलीत एक लांब लाकडी फळी आहे, तिला ओळीनं खण पाडलेले, प्रत्येक खणात एक वायर. जेवणं होऊन सगळे आडवे झाले की मी ट्रे घेऊन फिरते, फोन गोळा करते आणि ज्याच्या त्याच्या खणात लावते. पोस्टमास्तरांचा धोशा ठरलेला. मिस, माझं पोर लालेलाल झालंय, आधी त्याला पाजा. आजी म्हणतात, मेलं रोजचं रोज हे दूध पाजणं, माझ्या पोरांनीही इतका जीव खाल्ला नव्हता.

खरंच आहे. बाबा रोज सकाळी घड्याळाला किल्ली द्यायचे, पण तेवढ्यावर ते दिवसभर गुमान चालायचं. आणि आमच्या दिवाणखान्यातला तो काळा, जड फोन! त्याला कधी भूक लागली नाही.

स्वयंपाकाच्या मावशी इथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. माणूस गेलं की त्याचा फोन फळीवर ठेवायचा नाही, त्याच दिवशी घरच्यांच्या हातात द्यायचा. का, ते त्यांनाही माहीत नाही, आधीच्या बाई सांगून गेल्या म्हणे. मी मान डोलावली. आमच्या सिस्टरांनी असल्या समजुती हसून हसून आमच्या डोक्यातून काढल्या होत्या.

मावशींना एक सांगितलं नाही. माझ्याकडे दोन फोन आहेत. दुसरा ह्यांचा. त्याची बॅटरी म्हातारी झाली आहे, सकाळी भरली की दुपारी लाल. तरी मी भरते. तो बंद पडला की ह्यांच्या खोलीतला दिवा गेल्यासारखं वाटतं. दुपारी बाल्कनीत बसून हे मला आतल्या खोलीत मेसेज पाठवायचे, चहा झाला का? दहा पावलं चालायचा कंटाळा! मी लटकं रागवायचे. आता वाटतं —

जाऊ दे.

९ मार्च

माझ्या खोलीतलं प्लगचं भोक जळालं. ठिणगी उडाली, वास सुटला. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, म्हणजे त्याच्याही पुढच्या. माझा फोन कचेरीत लावला. तिथे दुसऱ्याला जागा नाही, आणि दुसरा कुणाचा, हे विचारलं असतं.

फळीवरचा कडेचा खण रिकामा होता, आजींच्या खणाशेजारचा. ह्यांचा फोन तिथे लावला. तेवढाच दुपारचा तासभर.

११ मार्च

नवल आहे! ह्यांचा फोन परवा दुपारी भरला तो अजून भरलेला. वर्षानुवर्षं असं झालं नव्हतं. हाताला ऊबदारही लागतो, खिशातून नुकताच काढल्यासारखा.

आजींचा फोन मात्र तासभर लावूनही लाल. वायर बदलली, तरी तेच. आजी जेवायला आल्या नाहीत. मावशींनी सूप वर नेलं. अंगातलं कुणी उसवून नेल्यासारखं वाटतंय, असं म्हणाल्या म्हणे. डॉक्टर म्हणाले, वय.

आज ह्यांचा फोन पुन्हा लावला. भरलेलाच होता, पण सवय.

१४ मार्च

दुपारी फळीसमोर उभी होते. माझ्या फोनवर मेसेज आला. वर ह्यांचं नाव, ह्यांचा फोटो.

चहा झाला का?

मी खाली बसले. रडले किती ते ठाऊक नाही. मग लिहिलं, टाकतेय आधण. त्यावर हे म्हणाले, आलं घाल.

लेकीला सांगणार नाही. कुणालाच नाही. कुणीतरी थट्टा करतंय म्हणतील. आलं घाल, हे कोणाला ठाऊक असणार?

१६ मार्च

आजी गेल्या. खुर्चीतच. मांडीवर अर्धवट टीप घातलेला पडदा.

त्यांचा फोन देण्यासाठी काढला. सुरूच होईना. आत काही नसल्यासारखा हलका लागला हाताला. ह्यांचा शेजारी. काठोकाठ भरलेला.

मी शिकलेली बाई आहे. दोन वायरी शेजारी असल्या म्हणून माणूस मरत नाही.

तरी ह्यांचा फोन काढून टेबलाच्या खणात ठेवला.

१७ मार्च

दुपारपर्यंत लाल. मेसेज —

अंधार होतोय गं.

मग, कुठे आहेस? मग, थंडी वाजते. एकामागून एक. दवाखान्यात शेवटी हे असंच म्हणाले होते, थंडी वाजते, आणि मी दुसरं पांघरूण आणायला गेले होते. परत आले तेव्हा —

पुन्हा फळीवर लावला. आजींचा खण रिकामा झालाय. त्याच्या पलीकडचा पोस्टमास्तरांचा.

हे मला माहीत होतं. लावताना माहीत होतं. म्हटलं, एकच दिवस. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत.

२० मार्च

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. माझा प्लग चालतो. ह्यांचा फोन तिथे लावून बघितला. घेतच नाही. वायर तीच, वीज तीच. त्याला आता ती लागत नाही.

फळीवर लगेच घेतो.

पोस्टमास्तर आज थट्टा करत नाहीत. ट्रे पुढे केला तर फोन द्यायचं विसरले, माझ्याकडे बघत राहिले. मी काढून घेतला त्यांच्या हातातून. मीच.

ह्यांच्याशी दुपारभर बोलले. बाल्कनीतल्या कुंड्यांबद्दल विचारत होते.

२२ मार्च

पोस्टमास्तर.

मुलगा आला होता. बाबा तुमचं फार नाव काढायचे म्हणाला. मी त्याच्या हातात तो हलका फोन दिला. नजर वर करवली नाही.

२३ मार्च

मेसेज आला. ह्यांचं नाव. ह्यांचा फोटो.

मिस, लालेलाल झालंय. पाजा.

हे मला कधी मिस म्हणाले नाहीत.

विचारलं, कोण बोलतंय? मग, चिमणे, दोरा संपला. मग, अगं मीच. चहा झाला का?

कुणाचा शब्द कुठे संपतो — हे त्यात आहेत. आहेत नक्की. पण सगळेच आहेत. आणि सगळ्यांना भूक —

२४ मार्च

दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावले. मावशी चुलीपाशी जमिनीवर बसलेल्या. ओठ पांढरे. नुसत्या बघत होत्या.

त्यांच्या मुलीचे दिवस भरलेत. तिकडून कधीही कळवतील म्हणून मावशींनी आपला फोन भरायला फळीवर लावला होता, पोस्टमास्तरांच्या रिकाम्या खणात. तुम्हाला विचारायचं काय त्यात, रिकामाच होता, म्हणाल्या.

ओढून काढला. लाल, पण चालू. संध्याकाळपर्यंत मावशींच्या तोंडावर रंग आला. मग विचारलंच त्यांनी. मिस, फळीवर एक फोन जास्तीचा आहे. कुणाचा तो?

माझाच, म्हटलं.

नातवंड बघायचंय त्यांना. मी —

२५ मार्च

सकाळीच सगळ्यांचे फोन काढून स्वयंपाकघरात ठेवले. फळीवर ह्यांचा एकटा.

दुपार. लाल. अंधार होतोय गं. अंधार होतोय मिस. चिमणे, दिवा लाव. वायर ओढून, फोडून टाकायचा. एवढंच. हात उचलत नाही. दुसऱ्यांदा पांघरूण आणायला जाणार नाही मी.

माझा फोन शेजारच्या खणात लावला. दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

ऊब येतेय त्याला. माझी बोटं —

लेकीला आत्ता फोन केला. भाजी काय केलीस विचारलं. बाकी काही नाही सुचलं.

मावशी, ही वही उघडी ठेवतेय. मी उठले नाही तर दोन्ही फोन फळीवरून काढा आणि दगडानं ठेचा. घरच्यांना देऊ नका. लेकीला मुळीच देऊ नका. वाचू नका त्यावर काय येतं ते. माझ्या बोलण्यातलं काही आलं, मी तुम्हाला हाक मारली, बाळ झालं का विचारलं, तरी दया करू नका, मावशी, ती मी —