कापडी बांगड्यांचे कल्ले

रविवार संध्याकाळ, नाहूर

जाहीर निषेध नोंदवतो: आमच्या घरातल्या एकुलत्या एका कात्रीने रोज दुधाची पिशवी कापतात आणि ती धुवत कोणी नाही. त्याच चिकट कात्रीने मोडक्या छत्रीचं कापड कापून मी बांगडे शिवले. पोटात फाटके मोजे भरले.

भाची इरा सात वर्षांची. पाय प्लास्टरमध्ये, तीन आठवडे पलंगावर. कोणाशी बोलत नाही, नुसता मोबाइल. बॅटरीच्या महागड्या गाड्या कोपऱ्यात पडून. माझे बांगडेही तिथेच जाणार, ही खात्री होती. मग नेले कशाला? कोण जाणे.

तिने हुंगून पाहिले. (मोजे धुतलेले होते, नशीब.) मग मासळीबाजारात विकायला मांडतात तसे पलंगभर वाटे लावले. मी एक बांगडा उचलला.

"ताजा आहे का गं? कल्ले कुठायत?"

खरंच, कल्ले करायला मी विसरलोच होतो!

"थांब ना मामा!" तिने लाल स्केचपेनने डोक्यामागे रंगवलं. "बघ, लालभडक. आणि सारखा हात नको लावू, घ्यायचा तर घे!"

तीन आठवड्यांनी आवाज फुटला, तोही भांडखोर. हुश्श! ते लाल कल्ले अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बहीण सुलू म्हणाली, "दादा, तुला सुचलं कसं रे?"

"सुचतं," मी म्हणालो. निर्लज्जपणे.

घरी आल्यावर तेच टोचत राहिलं. आत्ता तिला फोन केला.

"कल्पना माझी नव्हती गं. आमच्या मासेवाल्या पारूताईंची. आकारसुद्धा त्यांनीच पेपरवर काढून दिला."

"मग त्यांना सांग," सुलू म्हणाली, "सगळे खपले."