बिनदोऱ्याचं काज

प्रिय बाबा,

ख्यालीखुशाली आज राहू दे. मी भयंकर चिडलेय. फोनवर डोळ्यांचं नाव काढलं की तुम्ही ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून फोन ठेवून देता, म्हणून हे लिहितेय.

रविवारी शिंप्यांच्या संस्थेत दरवर्षीप्रमाणे सगळ्यांत जुन्या कारागिराने सगळ्यांसमोर हाताने काज करायचं होतं. तुम्ही ऐटीत बसलात. बोटात अंगुस्तान, चष्मा खिशात. हो, खिशात! या वयातही चष्मा लागत नाही हे लोकांना दिसायला नको का! पहिला टाका पडण्याआधीच सुईतला दोरा निसटला. काळ्या कापडावर काळा दोरा, मागच्यांना काय कळणार? पुढच्या रांगेतल्या आम्हा सगळ्यांना मात्र दिसलं. तुम्ही रिकाम्या सुईने टाके घालत राहिलात, गाठ मारल्यासारखं केलंत, दोरा तोडल्यासारखं केलंत आणि कापड उंच धरलंत. दोरा तुमच्या चपलेवर पडला होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, असा हात पुन्हा होणे नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जास्त संताप मला याचा येतो, की त्या टाळ्यांत माझेही दोन हात होते.

आणि दोऱ्याची ओढ बोटांना लागत नाहीये हे तुम्हाला कळलं नाही? पन्नास वर्षं सुई धरलेल्या माणसाला? मी नाही मानत. तुम्हाला कळलं होतं. पण समोर एवढी माणसं माना डोलावत असताना थांबायचं कसं!

मी अकरा वर्षांची असताना पहिलं काज केलं होतं, आठवतं? आई, काका, शेजारच्या मावशी, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं मला. तुम्ही ते खिडकीपाशी नेऊन पाहिलंत, वाकडं आहे म्हणालात आणि कात्रीने उसवून माझ्या हातात परत दिलंत. दोन दिवस बोलले नाही मी तुमच्याशी. पण त्यानंतर तुम्ही कधी ‘बरं जमलंय’ म्हणालात, तर मी आठवडाभर हवेत असायचे. कारण ते खरं असायचं. तो माणूस कुठे गेला, बाबा?

आता ऐका. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात की दादा तुमचं सकाळचं काम उसवतो आणि पुन्हा शिवतो. बाह्या, कॉलरी, काजं, सगळं. दोन वर्षं चाललंय हे. गिऱ्हाईक ज्याची तारीफ करतं तो हात दादाचा असतो आणि भाव तुम्ही खाता. वहिनीला माहीत आहे, कारागिरांना माहीत आहे, सगळे मूग गिळून बसलेत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणतात. मला विचाराल तर दुकानातली शांतता मोडू नये म्हणून.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तुम्ही पुरतं ऐकूनच घेतलं नाहीत. कालची पोर मला शिकवते, म्हणत उठून आलात. त्या पोरीने मला बाहेर थांबवून सांगितलं: डोळ्यांतला दाब वाढलाय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचवायची तर दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन हवं. मी ते त्याच संध्याकाळी दादाला सांगितलं. तो तुमच्याशी बोलतो म्हणाला. काल कळलं, अजून बोललेलाच नाही.

तेव्हा दादा, आता तू. बाबांना हे वाचता येणार नाही आणि ते तसं कबूलही करणार नाहीत. चष्मा सापडत नाही म्हणून पत्र तुझ्याच हातात देतील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच फोन न करता लिहिलं. तुझ्याबद्दलचं काही गाळलं असशील, तर पुन्हा पहिल्यापासून वाच, मोठ्याने. बाबा, हा कुठे अडखळला तर तिथे काय लिहिलंय ते त्याला विचारा, सोडू नका. गुरुवारी नऊ वाजता मी रिक्षा घेऊन दुकानाच्या दारात उभी असेन. त्या दोन टाळ्यांबद्दल मला माफ करा. ते काज वाकडंसुद्धा नव्हतं, बाबा. ते नव्हतंच.

तुमचीच,
धाकटी